खडक आणि बुजवलेलं तळं

चेन्नईला भूकंप होत नाहीत, हे मला या शहरात प्रत्येकाने ऐकवलंय. समुद्रात लांब कुठेतरी धक्का बसतो आणि इथे पंखे जरासे डुलतात, एवढंच. त्या दुपारी वेलचेरीतल्या आमच्या घरातला पंखा डुलला, तेव्हा शेजारीपाजारी जिना उतरून खाली पळाले. मी बूट घातले आणि रुळांकडे निघाले. ते रूळ सांभाळणं हीच माझी नोकरी.

माझ्या ताब्यातला अर्धा रूळ खडकावर आहे, अर्धा बुजवलेल्या तळ्यावर. खडक धक्का खातो आणि गप्प बसतो. ओली माती थरथरत राहते, वरची खडी दबते. चटईचं एक टोक फरशीवर आणि दुसरं गादीवर टाका, म्हणजे खडक आणि तळं जिथे जुळतात तो सांधा कसा आहे ते कळेल. तो पायी तपासून मी सही केल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती.

साहेबांचा फोन आलाच. "मॅडम, स्टेशनवर लोक बोंबलताहेत. इथे ऑफिसात चहाचा कपसुद्धा हलला नाही. सही करून टाका."

"सर, तुमचं ऑफिस खडकावर आहे. माझा रूळ तळ्यावर आहे."

"बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं. विचार करा."

"मग काढा यादीतून," मी म्हणाले आणि फोन ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या बढतीची बारा वर्षं वाट पाहिली होती.

रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या गँगमधली एक पन्नाशीची बाई हातोडीने रूळ ठोकत, आवाजाला कान देत पुढे चालली होती. मी मागून रुळांमधलं अंतर आणि पातळी मोजत होते. सांध्यापाशी ती थांबली. "इंगे पारुंगा, मॅडम," इथे बघा, असं तिने तमिळमध्ये सांगितलं. मी गुडघे टेकून पाहिलं. खडीत पाणी होतं, पण जुनंच, धक्क्याने वर आलेलं नव्हे. रूळ जागेवर होता. तासाभराने सही केली. पहिल्याच गाडीतून एकाने मला शिवी हासडली.

बढती गेली. वर साहेबांनी खुलासा मागवला: दोष नसताना गाड्या का रोखल्या? मी लिहिलं, "दोष नाही हे तपासल्यावरच कळलं. पुन्हा जमीन हलली, तर पुन्हा रोखीन."

गँगमधल्या त्या बाईने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पेन मागितलं. तुझी सही कुणी मागितलेली नाही, तुझी नोकरी जाईल, असं मी बजावलं. तिने माझ्या नावाखाली तमिळमध्ये आपलं नाव लिहिलं, आणि मगच पेन परत दिलं.