गंगव्वाच्या पुढं ब्रेकवाले खिजरभाई

उद्यमनगरात खिजर मुल्लाणींना सगळे ब्रेकवाले म्हणत. इंजिन, क्लच, गिअर यांतल्या कशालाही ते हात लावायचे नाहीत. "पळवायचं काम दुसऱ्याकडं करा, थांबवायचं माझ्याकडं," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. याला कारण होतं. अकराव्या वर्षी त्यांनी चुलतभावाची सायकल टेंबलाईच्या उतारावरनं सोडली होती, आणि तिला ब्रेक नव्हते. खाली उसाची गाडी उभी होती. समोरचा एक दात तिथंच राहिला. त्या दिवसापासून त्यांना वेगाची धास्ती बसली ती बसलीच. चौपन्न वर्षांचे झाले तरी त्यांच्या स्कूटरला सायकलवाले मागं टाकून जायचे, आणि बायको मदिना मागं बसली की म्हणायची, "उतरून चालत जाऊ का? लवकर पोचीन."

दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळीच दानेश्वरी गवळी दुकानात आली. तिशीतली, धिप्पाड, माहेर हुपरीचं. आवाज असा की पलीकडच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून बघावं. ती एक जुनी काळी मोटारसायकल ढकलत आली होती, आणि घामाघूम झाली होती.

"खिजरभाई, ब्रेक सोडला तरी चाक सुटंना! आनि उद्या पाडवा हाय!"

पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशी सजवून पळवतात, हे खिजरभाईंना ठाऊक होतंच. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस मोकळी मागं. गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो, कारण म्हैस त्या आवाजामागंच धावते. दानेश्वरीची म्हैस गंगव्वा तर दुसऱ्या कुठल्याच आवाजाला जुमानत नव्हती. तिला हीच गाडी लागायची.

"मागनं अशी म्हस येणार आनि तू असल्या ब्रेकवर गाडी चालवणार व्हतीस?" खिजरभाईंनी कपाळाला हात लावला. "बस तितं. पाना दे."

त्यांनी कॅलिपर खोलला. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा तो जबडा आतून पार चिकटला होता. ब्रेक ऑइल काढ्यासारखं काळं झालेलं. पिस्टनभोवतीची रबरं फुगून बसलेली.

"हे पेट्रोलनं कुणी धुतलं?"

"दीर म्हनला, चकाचक करतो."

"त्याला सांग, पेट्रोलनं रबर फुगतं, आनि फुगलेलं रबर पिस्टनला मागं सरकू देत न्हाय. म्हनून चाक धरतंय तुजं."

मग त्यांनी टाकीवर ओलं फडकं टाकलं, कारण ब्रेक ऑइल सांडलं की रंग खातं. लिवर हळूहळू दाबत पिस्टन बाहेर काढायला घेतले. एक आला, दुसरा रुसून बसला. तेव्हा आलेला लाकडाची पट्टी लावून अडवला, आणि मग दुसरा कुरकुरत बाहेर सरकला. खिजरभाईंनी दोन्ही पुसले, नवी रबरं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली, नवे पॅड घातले, डिस्क क्लीनरनं पुसली. डिस्कला बोट लावू पाहणाऱ्या दानेश्वरीच्या हातावर फटका मारला.

"बोटाचं तेल लागतं तिला."

शेवटी नळीत अडकलेली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. खिजरभाई कॅलिपरच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत बुडवून खाली बसले आणि दानेश्वरी लिवरवर.

"दाब. धर. सोडू नगं. थांब... हां, आता सोड."

दर खेपेला नळीतून बुडबुडे निघत, आणि दानेश्वरी ओरडे, "गेला! त्यो बगा, आनि एक गेला!" लेथवाला बघायला आला, त्याच्या मागून रेक्झिनवाला आला, आणि थोड्या वेळानं पाच-सहा माणसं नळीकडं डोळे लावून बुडबुडा निघाला की टाळ्या वाजवू लागली. इतकी वर्षं हे काम केलं, पण त्यात एवढी मजा असते हे खिजरभाईंना त्या दिवशी कळलं. शेवटचा बुडबुडा गेला. लिवर दोन बोटांनी दाबला तर जागेवर घट्ट. सोडलं की चाक अलगद मोकळं.

"पन पॅड नवीन हायत," ते म्हणाले. "सकाळी मी चालवून, हळूहळू दाबून बसवतो. स्वतः थांबवून बघितल्याबिगार मी गाडी देत न्हाय."

"बसवा. फकस्त आमच्या गल्लीत आनू नगा. गंगव्वा ऐकंल."

पाडव्याच्या सकाळी खिजरभाईंनी गाडी बाहेर काढली. गवळ्यांची गल्ली टाळून ते लांबच्या रस्त्यानं गेले. थोडं जायचं, ब्रेक दाबायचा, थोडं जायचं, ब्रेक दाबायचा. ब्रेक असा लागत होता की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. मात्र सायलेन्सर नसलेल्या गाडीचा आवाज किती लांब जातो, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता.

तिकडं गोठ्यात दानेश्वरीची सासू शांतव्वा गंगव्वाच्या शिंगांना रंग लावत होती. एक शिंग तांबडं झालं होतं, दुसरं काळंच होतं. गळ्यात कवड्यांची माळ, पायात हुपरीहून आणलेले घुंगरांचे तोडे. गंगव्वानं कान टवकारले. मग मान अशी काही हिसडली की दावं तुटलं, रंगाचा डबा उडाला आणि शांतव्वा "अय्यो शिवा!" म्हणत कडब्यावर बसली.

खिजरभाईंना आधी घुंगरं ऐकू आली. वाटलं, कुणीतरी मिरवणूक काढलीय. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याकडं बघून ओरडू लागली, "पळवा भाई! पळवा!" ब्रेकवाल्याला लोक पळवा का म्हणतात, हे त्यांना कळेना. त्यांनी मागं वळून पाहिलं.

अवघ्या दहा हातांवर एक तांबडं शिंग, एक काळं शिंग आणि त्यामध्ये गंगव्वाचं भलंमोठं तोंड!

"या अल्ला!" खिजरभाईंची मूठ आपोआप पिळली गेली.

गाडी फटाफट फुटत सुटली. गंगव्वाही सुटली. काटा तीसवर गेला, पस्तिसावर गेला, चाळिशीही ओलांडली. खिजरभाईंचा सदरा फुग्यासारखा फुगला, टोपी उडाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ब्रेक लावावा तर म्हैस अंगावर, न लावावा तर समोर वळण. एकदा वळण पार झाल्यावर त्यांनी पुन्हा मागं पाहिलं. गंगव्वा चिडली नव्हती. ती शेपूट वर करून, कान हलवत, अशा काही आनंदानं धावत होती की शाळा सुटल्यासारखी दिसत होती. आणि खिजरभाईंच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. त्यांना वाटलं, भीती असेल. तोंडाशी आल्यावर कळलं, हसू होतं ते.

ते मोठ्यानं हसले. "चल गे माजे बाई!" असं ओरडले. चौकातल्या हवालदारानं त्यांना सलाम ठोकला.

रस्ता सागरमाळावर निघाला. तिथं गवळ्यांच्या म्हशी, मोटारसायकली, हलगी, शिट्ट्या, ही झुंबड! गर्दी दुभंगली आणि खिजरभाई मधून आत शिरले. लाउडस्पीकरवाला ओरडला, "ह्यो कुठला पावणा?" हलगीनं ताल वाढवला. खिजरभाईंनी माळाला एक फेरी घातली. मग कुणाला काही कळायच्या आत दुसरीही घातली. ती घालायची काहीच गरज नव्हती.

तेवढ्यात दिराच्या स्कूटरवर मागं बसून दानेश्वरी धापा टाकत पोचली. "खिजरभाई, एकदम लावू नगा! चोरपावलानं लावा!"

हे मात्र त्यांना सांगायची गरज नव्हती. मूठ सैल केली, दोन बोटं लिवरवर ठेवली आणि लोण्यात सुरी घालावी तसा ब्रेक थोडा थोडा दाबत आणला. चाक घसरलं नाही, चिरकलं नाही. गाडीचा वेग जसा उतरला तसा गंगव्वाचाही उतरला. गाडी थांबली. मागून चार पावलं आली, आणि खिजरभाईंच्या खांद्यावर एक ओलं, गरम नाक टेकलं.

सगळा माळ ओरडला. पंचांनी विचारलं, म्हैस कुणाची? दानेश्वरी म्हणाली, "म्हस माजी, ब्रेक त्यांचा!" शिस्तीत थांबण्याबद्दलचा मानाचा फेटा गंगव्वाला बांधायचं ठरलं, पण शिंगांत तो बसेना, म्हणून खिजरभाईंनाच बांधला. ते उतरले आणि खाली मातीतच बसले. बसल्या बसल्या त्यांनी सवयीनं निपलवरून बोट फिरवलं. बोट कोरडं, कुठं गळती नाही. ते पाहून त्यांना पुन्हा हसू फुटलं, आणि दानेश्वरीनं ताज्या दुधाचा पेला हातात दिला तरी ते थांबेना. निम्मं दूध सदऱ्यावर सांडलं.

घरी पोचले तेव्हा मदिना दारातच उभी होती. हातात मोबाइल.

"आजऱ्यासनं आफशीनचा फोन आलता," ती म्हणाली. आफशीन म्हणजे तिची धाकटी बहीण. "म्हनती, भावजींचा व्हिडिओ बघितलास का? मी म्हटलं, दुसरं कुनीतरी असंल."

"मग?"

"मग बघितला की." तिनं त्यांच्याकडं वरून खाली पाहिलं. डोक्यावर फेटा, सदऱ्यावर दूध, खांद्यावर म्हशीच्या नाकाचा ओला डाग आणि त्यात शिंगाचा तांबडा रंग. ओठ दाबून ती कशीबशी उभी राहिली, पण ते काही जमलं नाही. दाराच्या चौकटीला धरून ती हसत सुटली, आणि तिला बघून खिजरभाईही. शेजारणी बाहेर आल्या. कुणाला काही सांगता येईना, कारण बोलायला तोंड उघडलं की दोघांनाही परत हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेले, तर दारात सात गाड्या रांगेनं उभ्या. एकीलाही सायलेन्सर नव्हता.