पैठणच्या गाडीत टांगलेली पिशवी

बेवारस वस्तूंविषयीची पोस्टरं जो कुणी लिहितो, त्यानं आमच्या स्टँडवर एक दिवस काढावा. आमच्याकडं आधी माणूस गाडीत चढत नाही, आधी त्याची पिशवी चढते. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, भाजीच्या पिशव्या आत पडतात आणि सीट धरली जाते. मालक मागून सावकाश येतो, मधे चहा पितो, सोयऱ्याला भेटतो. म्हणजे सुटायच्या आधी प्रत्येक गाडी बेवारस सामानानं भरलेली असते, आणि त्या सामानाला उभ्या माणसापेक्षा जास्त मान असतो. कुणाचा रुमाल बाजूला सारून बसून बघा.

मी तिथला कंट्रोलर. काचेची केबिन, गाड्यांच्या नोंदी आणि माईक. संशयास्पद काही दिसलं तर लोकांना कधी सांगायचं, हे ठरवणं माझ्याकडं. नियम सोपा आहे: हात लावू नका, माणसं लांब करा, पोलिसांना फोन करा. नियम पाळल्यावर काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. बाकाखाली एक खोकं होतं. मी माईकवर सांगितलं, कुणीही जवळ जाऊ नये. अख्खं स्टँड जवळ गेलं, मोबाइल काढून. मग कुणीतरी "पळा" म्हणालं आणि तीच गर्दी उलटी पळाली. एक म्हातारी पायऱ्यांवर पडली, तिचं मनगट मोडलं. खोक्यात मिक्सर निघाला, दुरुस्तीला चाललेला. म्हातारीला बघायला मी दवाखान्यात गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? स्टँडवर मात्र माझं नाव पडलं धमाकासाहेब. कँटीनवाला माझ्यापुढं कप ठेवताना दोन्ही हातांनी ठेवायचा आणि मागं सरकायचा.

तेव्हापासून मी माईकवर गाड्यांशिवाय अवाक्षर काढत नव्हतो.

मग ती दुपार आली. पैठणची गाडी भरून उभी होती. तिच्यावर कंडक्टर होती ती गारखेड्याची एक फटकळ बाई, माझ्यापेक्षा वयानं लहान, तोंडानं मोठी. ती खिडकीशी आली.

"साहेब, माझ्या गाडीत एक पिशवी हाये."

"गाडीत पिशव्याच असतात, ताई."

"सीटवर नाय. वरच्या दांडीला टांगलीय, गच्च गाठ मारून. खालची सीट मोकळी."

"कुणाची हाये?"

"सगळ्यांना विचारलं. जो तो म्हणतो माझी नाय. मागं एक जण बसलाय, तो म्हणतो, कुणाचीच नसंल तर मला द्या."

सीटवर टाकलेली पिशवी म्हणजे मालक येणार, एवढी भाषा मला येत होती. टांगलेल्या पिशवीचा अर्थ लागेना. केबिनमधून गाडीची पुढची खिडकी दिसत होती. तिथं एक बाई लेकराला केळं भरवत होती. मागं अख्खी गाडी माणसांची. गाडी रिकामी करायला माझं एक वाक्य पुरलं असतं. माईक हाताशी होता. मी मनाला सांगितलं, नको, पुन्हा एखादी म्हातारी पडायची. हे खोटं होतं. मला म्हातारी नव्हती आठवत, कँटीनवाला आठवत होता.

"ताई, तुम्हीच जरा बघा," मी म्हणालो. "हलवून बघा, जड हाये का."

'संशयास्पद वस्तूला हात लावू नका' हा कागद माझ्याच काचेवर, तिच्या नाकासमोर चिकटवलेला होता. तिनं तो वाचला, मग मला वाचलं, "बरं" म्हणाली आणि गेली.

आजवर जे कुणाला सांगितलं नाही ते आता सांगतो. तिची पाठ वळल्यावर मी उठलो आणि रजिस्टरांच्या लोखंडी कपाटामागं जाऊन उभा राहिलो. रजिस्टर शोधतोय असं नाटकही केलं. कुणासाठी, देव जाणे, केबिनमध्ये मी एकटाच होतो. कपाट अरुंद, मी रुंद. श्वास ओढून पोट आत घेतलं होतं. आपण एका बाईला पुढं धाडून कपाटामागं लपलोय हे मला तेव्हाही नीट कळत होतं. तरी पाय हलले नाहीत.

ती परत आली. "बघितली. हलकी हाये. कपडे असतील."

"मग सोडा गाडी," मी रजिस्टर हातात घेऊन, मोठ्या रुबाबात म्हणालो.

तेवढ्यात मुतारीच्या बाजूनं एक माणूस पळत आला. माझ्याच वयाचा, डोकं ताजं भादरलेलं. कंडक्टरनं त्याला दारातच अडवलं. आता धोका नव्हता, म्हणून मीही शूरपणे गाडीपाशी गेलो.

"ती टांगलेली पिशवी तुमची का?"

"व्हय."

"सोडून कुठं गेलते? सगळी गाडी घाबरलीय."

"लघवीला गेलतो, बाई. बापाला घिऊन मुतारीत जाऊ का?"

कुणालाच काही कळेना. त्यानं गाठ सोडली, पिशवी उघडून दाखवली. आत लाल फडक्यानं तोंड बांधलेला तांब्याचा कलश होता. "आमच्या अण्णाच्या अस्थी हायेत. दौलताबादेकडनं आलो, पैठणला सोडायच्यात. भुईला टेकवायच्या नसत्यात, म्हणून टांगल्या."

पिशवी मागणारा एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. एक म्हातारा सरकून म्हणाला, "बसा, बसा. अण्णाला खिडकीकडं घ्या."

"मंग त्याचं तिकीट?" मागून कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"जन्मभर फुल तिकीट काढलंय की त्यानं," कंडक्टर म्हणाली. "आज ऱ्हाऊ द्या."

गाडी हसली. भादरलेल्या डोक्याचा तो लेकही हसला, मग त्यानं डोळे पुसले. मी मात्र कलशाकडं बघत होतो. तो हलका दिसत नव्हता, आणि त्याला कपडे तर कुणीच म्हणालं नसतं. मी कंडक्टरकडं बघितलं. ती तिकिटं काढण्यात गुंग होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनंही काहीतरी विचारलं असतं.

गोष्ट वर साहेबांपर्यंत पोचली. एका कार्यक्रमात आम्हा दोघांना शाल-नारळ मिळाला. अफवा न पसरवता प्रसंगावधान राखलं म्हणून. लोकांना सावध कधी करायचं हे यांच्याकडून शिका, असं नव्या लोकांना सांगण्यात आलं. मी मान डोलावली, फोटोही काढून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही कँटीनला बसलो. न राहवून मी म्हणालो, "ताई, तो कलश होता. तुम्ही कपडे म्हणालात."

"मंग?"

"तुम्ही हात लावलाच नव्हता."

"नाय लावला. दारातनं बघितलं आन् उतरले. तुम्ही कपाटामागं दडणार आन् मी पिशवी हलवणार व्हय? तुमची केबिन काचेची हाये, साहेब."

कँटीनवाल्यानं ऐकलं तर नाही, हे मी वळून बघितलं. तरी पुढचं तोंडातून निघालंच. "आणि गाडीतली माणसं?"

तिनं बशीतला चहा संपवला. रागावली नव्हती. आमच्यातला हिशेब सांगावा तसं म्हणाली, "माझ्याकडं तिकिटाचं मशीन असतंय. माईक तुमच्याकडं होता."

मग शाल पर्समध्ये कोंबून ती उठली. तिच्या गाडीची वेळ झाली होती, आणि ती माईकवर सांगायची होती मलाच.