एसीची कुंची

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. मधेच खी-खी केलंत तर मी विसरते कुठवर आले होते ते. आणि माझा घोळ एवढा मोठा आहे की अर्धा सांगून भागायचं नाही!

तर झालं काय, आमच्या मिलिंदानं, म्हणजे माझ्या लेकानं, माझ्या खोलीत एसी बसवला. घाटकोपरात सातव्या माळ्यावर राहतो आम्ही. मे महिन्यात भिंतीला पापड चिकटवला तर भाजून निघेल, अशी खोली तापते. एसी लागला त्या दुपारी झोपले, ती सांजच्या चहालाच उठले. झकास!

आता मला एक खोड आहे. घरात नवीन वस्तू आली की तिला अंगडं शिवायचं. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, फ्रिजला तर झालर आहे. मग एसीनंच काय घोडं मारलंय? जुन्या हिरव्या लुगड्याची त्याला कुंची शिवली. तान्ह्या बाळाला घालतात ना, तश्शी! डोकं झाकलेलं, कान झाकलेले, तोंड तेवढं उघडं. वारं तोंडातनं येतं ना? म्हणून तोंड मोकळं ठेवलं. एवढी अक्कल आहे मला!

सुजाता, माझी सून, म्हणाली, "आई, किती गोड दिसतोय!" मिलिंदानं फोटो काढला. मी दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली.

आणि मग विहारात जाऊन तोंडाची टकळी सुरू. तिथं आमची गयाबाई असते. माझ्याच वयाची, पण जीभ सुरीसारखी. तिला म्हटलं, "रविवारी दुपारी सगळ्याजणी या माझ्याकडं. पण शाल आणा हां. गोठून मेलीस तर माझ्यावर आळ नको!"

"आणि नाही गोठले तर?" गयाबाई म्हणाली.

"तर सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हण."

बसलं! आता इज्जतीचा सवाल झाला. आणि नेमकी माशी शिंकली. एसीचं वारं गेलं! चालू असायचा, दिवा लागायचा, पण तोंडातनं नुसतं फुस्स. दम्याचा पेशंट शिट्टी वाजवतोय जसा.

तुम्हाला कळलं ना काय झालं ते? कळलंच असेल. शिकलेली माणसं तुम्ही. मला नाही कळलं!

साकीनाक्यावरनं मेकॅनिक बोलावला. तो यायच्या आधी मी कुंची काढून घडी घालून ठेवली. हो, त्याच्या काळ्या हातांनी मळली असती ना! त्यानं बटण दाबलं आणि कॅलेंडर भिंतीवर फडाफडा उडायला लागलं. "मावशी, एकदम टकाटक आहे," म्हणाला आणि गेला. मी कुंची चढवली. परत फुस्स!

परत बोलावला. त्यानं जाळी धुतली. भन्नाट वारं! तो गेला. कुंची. फुस्स!

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी कंबर कसूनच उभी होते. "तू गेलास की हा बंद पडतो. काय करून जातोस रे तू?"

"मावशी, मी काय मंतर मारतो काय?"

"मग बस इथंच. चहा पी. बंद पडतो का नाही, डोळ्यांनी बघ."

बसला बिचारा. चहा प्याला, परत चहा प्याला, गारठून शिंकायला लागला, पण एसी काही बंद पडेना. शेवटी हात जोडून गेला. मी लगेच कुंची चढवली, आणि पडला की बंद! गॅलरीतनं ओरडले, "पडला रे बंद!" त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. बाईकला किक मारली आणि पळाला.

मग मी म्हटलं, वारं नक्की कुठंतरी गळतंय. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोधडी लावली. खोली कसली, भाकरी ठेवायचा डबाच झाला!

आला रविवार. गयाबाई कशी आली म्हणता? स्वेटर, शाल आणि वर माकडटोपी! मला हिणवायला हो, दुसरं काय? बाकीच्या बायका पलंगावर, खाली, मिळेल तिथं बसल्या.

"कुठाय गं तुझं काश्मीर?"

"बस जरा. येतंय."

"येतंय? चालत येतंय काय?"

बायका फिदीफिदी हसल्या. माकडटोपीतनं घामाच्या धारा, पण गयाबाई टोपी काढेना! शेवटी उठलीच. "चला गं बायांनो. माझ्याकडं पंखा तरी फिरतो." दारापाशी गेली, वर बघितलं आणि म्हणते कशी, "आणि त्या कुंचीचा उजवा कानपण वाकडा शिवलाय."

काय? माझा टाका वाकडा? खोटारडी म्हणाली असती तर चाललं असतं एक वेळ!

पदर खोचला, पलंगावर चढले, ओढली कुंची आणि धरली तिच्या नाकासमोर. "दाखव! कुठं वाकडा?"

आणि मागनं भस्सकन वारं आलं! बायकांचे पदर उडाले, कॅलेंडर खाली पडलं, एकजण "अगं बाई गं!" म्हणून दुसरीला बिलगली.

मी वर बघितलं तर एसीच्या डोक्यावर ही एवढी जाळी! मेला डोक्यानं श्वास घेत होता, आणि मी त्याचं नाक बांधून त्याला 'फुंकर मार' म्हणत होते! कुंची परत घातली, वारं बंद. काढली, सुरू.

सगळ्या टकामका बघतायत. आता कबूल करू? मी? छे!

"बघितलंत?" म्हटलं. "मुद्दाम झाकलं होतं. म्हाताऱ्या हाडांना एकदम गार वारं बाधतं. आधी घाम काढायचा, मग हळूच कुंची उतरवायची. तुमच्यासाठीच शिवली गं!"

"बाई, हिला डोकं आहे हो," एकजण म्हणाली. आणि गयाबाईनं? गुपचूप शाल पांघरली, माकडटोपीची नाडी हनुवटीखाली बांधली आणि भिंतीला टेकून बसली. जिंकले की नाही मी?

जिंकले, पण पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि बेल वाजली. त्याच सगळ्या! तेव्हापासून रोज येतात. गयाबाई तर स्वतःची उशी घेऊन आली. माझ्या पलंगावर दोघी, खाली चौघी. मला पाय टाकायला जागा नाही. मी हॉलमध्ये पंख्याखाली लादीवर पडते, घामाघूम.

काल चष्मा घ्यायला हळूच दार उघडलं, तर माझ्याच चादरीतनं गयाबाई खेकसली, "दार लाव गं! गार हवा जाते सगळी!"

आणि मी, त्या खोलीची मालकीण, "चुकलं हां," म्हणून लावलंसुद्धा!