तूप गोठेल ते घर

सर्व लहानथोरांस, तूप खाणाऱ्यांस आणि नुसत्या वासावर समाधान मानणाऱ्यांस गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, निजामाच्या राज्यात, परभणी मुक्कामी, हवेची परीक्षा करण्याचा एकमेव अधिकार आमच्या अप्पांकडे होता. तो त्यांना कोणी दिला नव्हता, त्यांनी आपला आपणच घेतला होता. साधन म्हणाल तर एक पितळी वाटी. हलगी वाजली असं समजा आणि पुढे ऐका.

अप्पा म्हणजे माझे वडील. धंदा तुपाचा. खेड्यांतून लोणी यायचं, अप्पा ते कढवायचे, गाळायचे, डब्यांत भरायचे. आमच्या घरात 'आज थंडी आहे' असं कोणी म्हणत नसे. 'आज तूप रवाळ धरलंय' म्हणजे अंगावर काही घ्या. 'आज दगड झालंय' म्हणजे घोंगडीतून नाक बाहेर काढू नका. आंघोळीला मात्र सुटका नव्हती. आम्ही लिंगधारी माणसं, आंघोळ केल्याशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय पोटात घास नाही. तूप दगड झालेल्या दिवशी अप्पा अंगावर तांब्या ओतताना शिवाचं नाव अशा काही आवाजात घ्यायचे की गल्लीत त्यांची मोठे भक्त म्हणून ख्याती झाली होती.

मायचं माहेर जिंतूरचं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, पुढे ते मामा बघायचे. त्यामुळे आमच्या घरात दोन पंथ नांदत होते, एक तुपाचा आणि एक मीठ-गुळाचा. अप्पा म्हणायचे, तुपाशिवाय जेवण म्हणजे उपवास. माय म्हणायची, "मिठाशिवाय वाढते एकदा, मग सांगा."

टोमणे मारावेत तर मायनेच. घाई अजिबात नाही. आधी थोडी स्तुती, मग जरा थांबणं, मग वार. त्या थांबण्यात ती पदर नीट करायची. आम्हा भावंडांना तिथेच हसू फुटायचं, कारण पुढे काय येणार ते अप्पांच्या तोंडावर आधीच दिसायचं.

आमचं घर कापसाच्या जिनामागच्या बोळात होतं. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचा आणि रुई उडायला लागायची. कढीवर रुई, देव्हाऱ्यात रुई, माणसांच्या भुवयांवर रुई. सकाळी सगळी गल्ली एकदम म्हातारी होऊन उठायची. मला त्याची लय मजा वाटायची. माय मात्र खोकायची. आधी ती नुसतीच खोकायची. मग एका वर्षी तिचा श्वास टोमण्याच्या मधल्या त्या थांबण्यातच संपायला लागला.

"तुमच्या घराण्यात शहाणपण वाटायलते तवा..." असं ती सुरू करायची आणि खोकल्यात अडकायची. अप्पा तांब्या घेऊन उभे राहायचे. खोकला थांबेना तर स्वतःच पुरं करायचे, "तवा आमी तूप गाळायलतो. हेच ना?" माय डोळे पुसत मानेनेच हो म्हणायची. आम्ही खो खो हसायचो. पण संक्रांत येईपर्यंत सगळेच टोमणे अप्पा पुरे करायला लागले, आणि मग कोणी हसेना.

अप्पांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मीही गेले होते. डॉक्टर हैदराबादकडचे होते. छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि अप्पांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या डोक्यावरूनच बोलले.

"इनको रुई में नक्को रखो. घर बदलो. हवा ठंडी होना, और सूखी होना. नै तो अगला जाडा मुश्किल है."

थंड आणि कोरडी. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. अप्पांकडे माप एकाचंच होतं.

मग वाटीची स्वारी निघाली. अप्पांचा बेत साधा आणि त्यांच्या मते बिनचूक होता. ज्या जागी राहायचा विचार करायचा तिथे संध्याकाळी वाटीभर पातळ तूप उघड्यावर ठेवायचं आणि पहाटे बघायचं. तूप जिथे सगळ्यात घट्ट धरेल तिथे बिऱ्हाड न्यायचं. मायने त्यांच्या कोटाच्या खिशात फडक्यात बांधलेली मिठाची पुडी घातली.

"ही बी वाटीपाशी ठेवा," ती म्हणाली. "तूप थंडीचं सांगंल, ओलीचं न्हाई सांगायचं. मीठ मोकळं राहिलं तर हवा कोरडी."

"आता काय हवेचा निकाल जिंतूरच्या दुकानातून मागवायचा?" अप्पा म्हणाले. पण पुडी राहू दिली.

पहिली फेरी पेडगावची. तिथला एक शेतकरी अप्पांना लोणी द्यायचा. त्याच्या ओसरीवर वाटी ठेवली, आणि पहाटे बघतात तर वाटी घासल्यासारखी लख्ख. मांजर खांबापाशी मिशा चाटत बसलेलं. शेतकरी म्हणाला, "शेठजी, तूप चांगलं हुतं की! मांजर रातभर हाललं न्हाई तिथनं." जिथे मांजर इतकं सुखी आहे तिथे तुपाचा व्यापारी राहणं शक्य नाही, असा हुकूम काढून अप्पांनी पेडगाव रद्द केलं. पुडी खिशातच राहिली.

मग जिंतूर. मामांनी दुकानाच्या मागच्या अंगणात वाटी ठेवू दिली. जिंतूरला माळ आणि डोंगर, वारा मोकळा. पहाटे तूप रवाळ धरलेलं, वाटी तिरपी केली की हलायचं. "बगा," अप्पा जोरात म्हणाले, "रवाळच हाय!" त्यांना झालेला आनंद त्यांच्या उपरण्यात मावत नव्हता. सासुरवाडीच्या गावात, मेव्हण्याच्या सावलीत बिऱ्हाड करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि तुपाने त्यांची अब्रू राखली. मामा चांगले माणूस. त्यांनी मिठाच्या पोत्यात हात घातला आणि मूठ उघडून खडे परत पोत्यात सोडले. खडे खडखडत गेले.

"दाजी, इथं मीठ बारा महिने असंच राहतंय. बहिणीला सोडा इथं. तुमी येत-जात राहा."

"बगू," अप्पा म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक.

तिसरी जागा परभणीलाच होती. गावाबाहेर ओढ्यापल्याड पेरूच्या बागा होत्या आणि त्यांच्या कडेला नवी वस्ती होत होती. एक शाळामास्तर, एक मुनीम आणि एक पेन्शनीतले जमादार एवढेच लोक तिथे राहायला गेले होते. गावातले लोक त्यांची कीव करायचे, कारण तिथला गारठा प्रसिद्ध होता. जमादारांच्या शेजारचं घर रिकामं होतं. अप्पांनी त्याच्या अंगणात वाटी ठेवली आणि पहाटे मला बरोबर घेतलं.

ती पहाट मला अजून दिसते. ओढ्यावर धुकं, पेरूच्या पानांवर दव, आणि आमची पावलं भिजून गार. अप्पांनी वाटीत चमचा खुपसला. तो शिरला नाही. त्यांनी जोर लावला तर चमचाच वाकला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही स्वर्गाचं दार त्यांनी एका चमच्याने शोधून काढलं होतं.

ते घरी आले ते वाटी उलटी धरून. भर रस्त्याने, तळहातावर नाही, डोक्याच्या वर, उलटी! तूप पडलं नाही. दारात उभं राहून त्यांनी वाटी मायच्या डोक्यावर ओतल्यासारखी धरली. आम्ही किंचाळलो. माय हसली, आणि हसता हसता खोकली.

"दगड!" अप्पा म्हणाले. "परभणीत बसून काशीची हवा!" काशीची हवा कशी असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण थंड असावी असा त्यांचा अंदाज होता.

श्वास जुळल्यावर मायने विचारलं, "मीठ ठेवलतं?"

अप्पांनी खिसा चाचपला. पुडी तिथेच होती. सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"आता इतकं घट्ट तूप बगून बी तुला मीठ लागतंय?"

मला वाटलं, आता वार येणार. मायने पदर नीट केला. ती अप्पांच्या हातातल्या वाटीकडे बघत राहिली.

"तिथनं तुमचं दुकान किती लांब?" तिने विचारलं.

"चालत येतंय की. दुपारी जेवायला घरी येतो, दिवेलागणीला परत."

"मग तेच घर बगा."

"आन् जिंतूर?" हे मी विचारलं.

"जिंतूरला बसून मी टोमणे कुणाला मारू?" माय म्हणाली. पूर्ण वाक्य, एका दमात. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी ते वाकलेला चमचा दाखवत दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

आम्ही ओढ्यापल्याड गेलो. आणि अप्पा जिंकले, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. रुई गेली, खोकला उतरला. उन्हाळाभर माय पेरूखाली बाज टाकून बसायची आणि जमादारांच्या बायकोला जिंतूरची थोरवी सांगायची. टोमणे पुन्हा शेवटापर्यंत जायला लागले. गावातून कोणी भेटायला आलं की अप्पा त्यांना आधी हवा दाखवायचे, हो, हवा, हात करून. मग पाणी विचारायचे.

पावसाळ्यात भिंतींना ओल चढली. पावसाळ्यात ती सगळीकडेच चढते म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पाऊस संपला, जुन्या गल्लीतली घरं वाळली, आमचं वाळेना. खाली ओढा, मागे बागेचं पाणी, आणि पहाटेचं धुकं दार उघडायची वाट बघत अंगणात उभं. एक दिवस मी ताटं करायला मिठाची बरणी उघडली तर वर पाणी आणि खाली गोळा.

मायने बरणी माझ्या हातातून घेतली. गोळा फोडून तव्यावर टाकला, खालीवर केला, फडफडायला लागला तसा उतरवला आणि बरणीत भरला. तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. अप्पा दुकानाला गेले की तवा चढायचा आणि ते जेवायला यायच्या आत मीठ कोरडं व्हायचं. अप्पांच्या ताटात डाव्या बाजूला पांढरंशुभ्र, मोकळं मीठ. एकदा त्यांनी चिमूट घेतली आणि बोट मागे घेतलं.

"मीठ गरम कसं काय?"

"उन्हातनं आलंय," माय म्हणाली. "तुमच्यासारखं. पण ते तापलं तरी गप बसतंय."

अप्पा पोट धरून हसले. मी मायकडे बघितलं. ती पुढच्या पोळीला तूप लावत होती.

दुपारी मी तिला विचारलं, "माय, अप्पाला सांगत का न्हाईस?"

"काय सांगू?"

"मीठ रडतंय म्हणून."

"रडू दे मिठाला," ती म्हणाली. "लय हौसेनं घर बघितलंय त्यांनी. डोक्यावर वाटी घेऊन आलते, दिसलं न्हाई का तुला?" मग तिने तवा पुसून चुलीमागे ठेवला. "हिवाळा निघाला की बोलते. जिंतूरला जाऊ म्हणते चार दिस."

त्या हिवाळ्यात तूप रोज दगड व्हायचं. अप्पा रोज पहाटे वाटी बघून समाधानाने मान हलवायचे. खोकला परत आला होता, पण हा वेगळा खोकला होता, ओला, खोल, घागर बुडताना येतो तसा आवाज. अप्पा खिडक्या उघड्या ठेवायचे, थंड हवा आत यावी म्हणून. माय नुसतं पांघरूण ओढून घ्यायची. तवा आता मी चढवायचे. ती पडल्या पडल्या तव्याच्या आवाजावरून सांगायची, "अजून. अजून थोडं. आता उतर." पुढे पुढे नुसतं बोट हलवायची. टोमणे परत अर्धे राहायला लागले, आणि अप्पा बाजेपाशी बसून ते पुरे करायचे. एका सकाळी तिने सुरुवात केली, "तुमच्या घराण्यात..." आणि अप्पा पुढचं बोलले, आणि नेहमीसारखं तिने मानेने हो म्हणायची वाट बघत बसले. बराच वेळ बसले. शेवटी जमादारांच्या बायकोने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्यात दहन नसतं. माणसाला बसतं करून, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून मातीत देतात. भोवती विभूती, बेलाची पानं आणि मीठ घालतात. मामा जिंतूरहून पोचले तोवर खड्डा तयार होता. मायला खाली बसवलं. बसलेली माय मला टोमणा मारायच्या आधीसारखी दिसली, पदर नीट केलेला, आता बोलेल अशी. जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, विभूती झाली, पानं झाली. "मीठ आणा," स्वामी म्हणाले.

घरातून कोणीतरी आमचीच बरणी आणली होती. त्या सकाळी तव्याला कोणी हात लावलेला नव्हता.

पहिली मूठ अप्पांची. त्यांनी बरणीत हात घातला तो आत अडकल्यासारखा राहिला. बाहेर काढला तेव्हा मुठीत गोळा होता, आणि बोटांमधून पाणी मनगटाकडे ओघळत होतं. अप्पा त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग मामांकडे. कोणीतरी मागून म्हणालं, "घाला, शेठजी, उशीर व्हायलाय," आणि बरणी त्यांच्या हातून घ्यायला पुढे झालं. तशी अप्पांनी बरणी छातीशी धरली आणि सगळ्या स्मशानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"थांबा! ओलं हाय हे! कोरडं आणा कुणीतरी, तिला दमट सोसत न्हाई!"