भलत्या डोळ्यावरची पट्टी

आमच्या घराण्याला अक्कल फार. शिनोलीच्या अलीकडे रस्त्याला लागून बागायत, वडील सोसायटीच्या राजकारणात, आणि घरात प्रत्येक गोष्टीचा शेवटचा निकाल देणारी आत्या. वडिलांची ही थोरली बहीण लग्नानंतर वर्षभरात माहेरी परतली आणि घराची मालकीण होऊन बसली. अशा हुशार माणसांनी मिळून माझा डावा डोळा घालवला.

मी तिरळी होते. डावा डोळा नाकाकडे ओढलेला. गावाला त्याची भारी करमणूक. आमचे गुरुजीसुद्धा मला फळ्यासमोर उभं करून म्हणायचे, ‘हिचा एक डोळा नाणेघाटात, दुसरा भीमाशंकरात.’ पोरं खिदळायची. पगार घेऊन सात वर्षांच्या मुलीची टिंगल करणारा तो इसम पुढे निवृत्त झाला, तेव्हा गावानं त्याला शाल-श्रीफळ दिलं.

पहिलीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली आणि त्यांनी पुण्याला दाखवा म्हणून सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी अगदी सोप्या भाषेत समजावलं. उजवा डोळा सगळं काम करतो, त्यामुळे डावा आळशी झालाय. उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावा. डाव्यावर काम पडलं की तो बघायला शिकेल. हे आत्ता लहानपणीच जमेल, मोठेपणी नाही. आई, वडील, आत्या तिघंही समोर बसले होते आणि तिघांनीही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं सांगितल्याप्रमाणे उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. मला सगळं पुसट दिसायला लागलं. उंबऱ्याला ठेचकाळले, दुधाचं पातेलं लवंडलं, रडून घर डोक्यावर घेतलं. आत्यानं येऊन पट्टी उपटली.

“चांगला डोळा झाकून पोरगी आंधळी करायची व्हय?” ती आईला म्हणाली. “पाय दुखतो तर दुखऱ्या पायाला बांधत्यात का धडक्या?”

“बाई तसंच म्हणाल्या व्हत्या,” आई पुटपुटली.

“तुला उलटं ऐकू आलं आसंल.”

आणि आत्यानं ती पट्टी डाव्या डोळ्यावर लावली. वडील तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तालुक्याच्या सभेत माईक न सोडणारा हा माणूस घरात बहिणीपुढे कधी तोंड उघडत नसे.

मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं. डावा झाकला की मला सगळं नीट दिसायचं आणि माझा तिरळेपणा कुणालाच दिसायचा नाही. आत्याला हेच हवं होतं. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाडे पळायचे त्या यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरायचं. तेव्हा तर पट्टी सकाळपासून रात्रीपर्यंत. कुणी विचारलं की आत्या सांगायची, “डोळं आल्यात तिचं.” दर वर्षी यात्रेलाच माझे डोळे कसे येतात, हे एकाही पाहुण्याला खटकलं नाही. बाया आपापली पोरं माझ्यापासून लांब ओढायच्या आणि मी एकटी ओसरीच्या कोपऱ्यात पुरणपोळी खायचे. अशी चार वर्षं. पुण्याला परत दाखवायला नेलं नाही, कारण पट्टी तर चालूच होती.

पाचवीत पट्टी सुटली, डोळा होता तिथंच. मग मी खाली बघून चालायला शिकले. वर्गात डावीकडच्या भिंतीला चिकटून बसायचं, म्हणजे तो डोळा भिंतीकडे राहतो. फोटो काढायचा म्हटलं की मी गोठ्यात जाऊन बसायचे. बारावीत तर मी लोकांसमोर जेवणं सोडलं, मग एकटीनं जेवणंही सोडलं. दिवसा पांघरूण घेऊन पडून राहायचे आणि आपण नसतो तर किती बरं झालं असतं, याचा शांतपणे विचार करायचे. आमच्या गोठ्यातल्या गायीनं एक वेळ वैरण टाकली तर जनावरांच्या डॉक्टरला फोन जायचा. मी जेवण टाकलं त्याला घरात नाव होतं, नाटकं. आई तेवढी ताट घेऊन उशाशी बसून राहायची. पण बोलायची तिचीही हिंमत नव्हती.

माझ्या डोळ्याची पुन्हा आठवण झाली ती लग्नाचं बघायला लागल्यावर. आळेफाट्याचं एक स्थळ आलं, हॉटेल-गॅरेजवालं, आणि अचानक ऑपरेशनला सगळे तयार. आत्या माझ्यासोबत पुण्याला आली. या वेळी डॉक्टर तरुण होता. त्यानं तपासून विचारलं, लहानपणी पट्टी लावली होती का?

“लावली की. ह्या डाव्यालाच. चार वर्षं एक दिस चुकवला न्हाई,” आत्या अभिमानानं म्हणाली.

 डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, “ती उजव्यावर लावायची असते. ज्या वर्षांत डावा बघायला शिकला असता, त्याच वर्षांत तो बंद राहिला. ऑपरेशननं डोळा सरळ होईल, नजर बहुतेक येणार नाही.”

मी आत्याकडे पाहिलं. तिनं विचारलं, “पर दिसायला सरळ दिसंल ना?”

डोळा सरळ झाला. दोन महिन्यांनी आळेफाट्याचे पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या भरत होते. शेजारच्या बाया स्वयंपाकघरात येऊन माझ्या तोंडाशी तोंड नेऊन डोळा बघत होत्या आणि आत्या त्यांना सांगत होती, “आमी लहानपणापास्नं पट्टी लावली म्हणून आज ह्यो दिस दिसला.”

त्या डोळ्याला दिसतं का, हे एकीनंही विचारलं नाही.

“आत्या, त्या डोळ्यानं मला दिसत नाही. तुम्ही पट्टी चुकीच्या डोळ्यावर लावली,” मी म्हणाले.

आत्यानं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. “हळू बोल. पावणं बसल्यात.”

मी तेच पुन्हा म्हणाले, पाहुण्यांना शब्द न् शब्द ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाया भांड्यांकडे बघायला लागल्या. आईनं माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, म्हणाली, “खरं हाय. मला ठावं व्हतं.”

पाहुणे चहा घेऊन गेले, परत काही निरोप आला नाही. घरात महिनाभर स्थळ गेल्याचं सुतक होतं. मला त्या स्थळाचं काडीचं वाईट वाटलं नाही. आत्याचा राग येतो, पण तिची कीवही येते, तिला खरंच काही कळत नव्हतं. आईला कळत होतं. तिला मी अजून माफ केलेलं नाही.