माती देऊन परतताना

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आम्ही महादेवाची माणसं, गळ्यात लिंग बांधणारी. मेलेल्याला खड्ड्यात बसवतो आणि घरचे सगळे मूठ मूठ माती देतात. माती दिली की माघारी वळून बघायचं नाही, सरळ घर गाठायचं. तेवढं झालं की माणूस गेला, असं धरतात. माझ्या धाकट्या भावाला माती मिळालीच नव्हती, म्हणून माय त्याला गेलेला धरायला तयार नव्हती.

तो अंदमानात रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. पोखर्णीजवळच्या आमच्या गावात पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कॅनॉल. कॅनॉलात उड्या मारून वाढलेला पोरगा तो, त्याला वाटलं पाणी इथून तिथून सारखंच. सुट्टीच्या दिवशी खडकावरून उडी टाकली. कॅनॉलाचं पाणी एकाच दिशेनं जातं. तिकडचं पाणी माणसाला काठाला आणतं आणि परत ओढून नेतं. लोकांनी लय शोधलं. सापडला नाही.

वर्ष उलटलं तरी माय कुणाला जुमानेना. "मातीच दिली न्हाई, तर मेला कसा?" सुनेला कुंकू पुसू देईना. भावजय माझी कवळी पोर. तिच्या माहेरचे चुडाव्याहून येऊन येऊन थकले. म्हणायचे, "आमची लेक द्या, तिचं दुसरं लगीन करतो." आमच्यात ते चालतं, पण आधी सासूनं हो म्हणायला पाहिजे. माय म्हणायची, "लेकाचं घर मी माझ्या हातानं मोडू?" मला संताप यायचा. अगं बाई, तुझं दुःख खरं, पण त्या पोरीनं कुणाचं काय घोडं मारलंय? शेवटी मीच भांडले, शेतातली काळी माती फडक्यात बांधली आणि दोघींना घेऊन निघाले. म्हटलं, समुद्रालाच माती देऊ.

पोर्ट ब्लेअरहून गाडी केली. गाडीवाला भला माणूस, बंगाली, आमच्याशी हिंदीत बोलायचा. रस्ता बेटाच्या कडेकडेनं जाणारा. एका अंगाला जंगलाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली काळे खडक आणि त्यांच्यावर आपटणारं पाणी. मुळासकट उपटलेली भलीमोठी झाडं किनाऱ्यावर आडवी पडलेली, पांढरीफट्ट. इतकं देखणं कधी बघितलं नव्हतं, आणि त्याचाच राग आला. मायनं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला. "अगं माय, केवढं पाणी! आन् समदं खारट? मग काय उपेगाचं?" असं म्हणाली तेव्हा भावजय किंचित हसली. पण माय प्रत्येक वळणावर गाडी थांबवायला लावायची. उतरायची, डोळ्यांवर हात धरून खालचे खडक न् खडक बघायची. ती लेकाला शोधत होती, दुसरं काय! गाडीवाल्याला वाटलं, म्हातारीला सीनसीनरी बघायची भारी हौस.

भाऊ गेला ती जागा आली. आम्ही खाली उतरलो. मी मूठभर माती पाण्यात सोडली. "धर माय," म्हणून फडकं पुढं केलं, तर तिनं हात मागं घेतले. "लेकानं मायला माती द्यावी. मी न्हाई देणार. चला माघारी."

मी वाद घालायलेच होते, तेवढ्यात लक्ष गेलं. भावजय पाण्यात शिरली होती. लुगड्याचा घोळ भिजलेला, नजर पुढं, कुठं ते तिलाच ठाऊक. लाट गुडघ्यांवर चढली तरी ती पाऊल टाकतच होती. मी नुसती ओरडले. माय मात्र धावली. हे वय, ते शेवाळलेले खडक, तरी धावली, आणि सुनेचा दंड धरून तिला फरफटत वर आणलं. दोघी धापा टाकत होत्या. "मला न्ह्यावं वाटलं का त्याला, बघत होते," एवढंच भावजय म्हणाली.

मायनं माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "घे रं बाबा, घे," म्हणाली, आणि सगळी माती पाण्यात उपडी केली. "आता हिला सोड."

परत निघालो तेव्हा कळलं, केवढी चूक झाली ती. माती दिली, आता माघारी बघायचं नाही. पण रस्ता तर तोच, आणि समुद्र काही मागं राहीना, तास झाला तरी खिडकीला लागूनच. मायनं तोंडावर पदर ओढला. "माताजी, देखिए ना, असली नज़ारा तो अब है," गाडीवाला म्हणाला.

भावजय खिडकीला कपाळ लावून मागंच बघत होती. मायनं पदराआडूनच तिला जवळ ओढलं, तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. "बघू नगस गं पोरी. जाऊ दे त्याला."

"न्हाई बघायले, आत्याबाई," ती म्हणाली. मायच्या बोटांमधून पाणी खाली गळत होतं.

"घरी गेलं की तुझ्या मायला बोलावून घिऊ. म्हणावं, न्या तुमची लेक."

ह्याचसाठी मी भांडून सगळ्यांना आणलं होतं. पण ते ऐकलं तेव्हाच मला कळलं. भाऊ आता खरंच गेला. मी पुढच्या सीटवर होते, माझे डोळे झाकायला कुणी नव्हतं. रस्ता डोंगरात वळेपर्यंत मी समुद्राकडं बघत राहिले.