आंधळा पोपट

विणकरांच्या गल्लीतून बँकेत जाताना मी रोज एका नक्षीवाल्याच्या दारात चहाला थांबतो. मी बनारसच्या रामघाटावरचा मराठी ब्राह्मण, म्हणून बँकेत असूनही त्याचा 'पंडितजी'. बनारसी साडीवर जी नक्षी उमटते, ती आधी हा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून काढतो. हात चालू असतात आणि तोंडही: "पूरी गली चोर है, पंडितजी." त्याची नक्षी आठवड्याभरात गल्लीतले सगळे विणकर उचलतात.

चोर ओळखता यावेत म्हणून त्यानं एकदा नक्षीतल्या पोपटाला डोळाच ठेवला नाही. गल्लीभर आंधळे पोपट विणले गेले आणि गिऱ्हाइकं तोच पोपट मागू लागली.

काल समोरचा विणकर रडवेला होऊन आला. नक्कल करताना त्यानं चूक समजून डोळा घातला होता, आणि व्यापाऱ्यानं साड्या नकली म्हणून परत पाठवल्या होत्या. ह्यानं त्याला यथेच्छ झापलं आणि मग स्वतःच त्याच्या पट्ट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून डोळ्याची भोकं बुजवून दिली.

"चोराला मदत?" मी विचारलं.

"गली बैठ गई तो चोरी कौन करेगा, पंडितजी?" म्हणत त्यानं नव्या मोराचं चित्र पुढ्यात ओढलं. मोराला एकच पाय होता.